शीख धर्माचा स्वीकार आणि नोकरीचे घड्याळ

लोणावळा (प्रतिनिधी) – आषाढी वारी जवळ आली, की तळेगाव आणि चाकणच्या औद्योगिक वसाहतींत रजेच्या अर्जांची संख्या वाढते. गळ्यात तुळशीची माळ असलेला कामगार कॅन्टीनमधील सामिष ताटाकडे वळत नाही, एकादशीला उपवास धरतो, पालखीसोबत दोन-चार मुक्काम चालून येतो. आणि या सर्वांबद्दल त्याला कोणीही खुलासा मागत नाही. माळकरी म्हणजे काय, हे मावळात सुपरवायझरपासून फाटकावरच्या सुरक्षारक्षकापर्यंत सर्वांना ठाऊक असते. आता अशी कल्पना करा, की याच कामगाराने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी शीख धर्म स्वीकारायचे ठरविले. केस आणि दाढी वाढविली, पगडी बांधली, हातात कडे घातले. माणूस तोच, यंत्र तेच, पगारपत्रकावरील क्रमांकही तोच. तरीही कारखान्याच्या फाटकापासून मनुष्यबळ विभागापर्यंत प्रश्नांची मालिका सुरू होईल. ती का सुरू होते आणि तिच्यातील किती प्रश्न खरोखर धर्माचे, किती निव्वळ सवयीचे, याचा विचार मावळच्या संदर्भात करून पाहणे उद्बोधक ठरेल.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार शिखांची संख्या २ लाख २३ हजारांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे ०.२ टक्के आहे. संख्या लहान असली, तरी नाते जुने आहे. संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ मध्ये खालसा पंथाची स्थापना केली, तेव्हा पुढे आलेल्या पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग हे परंपरेनुसार आपल्या सीमाभागातील बिदरचे, नाभिक कुळातले. खुद्द दशम गुरूंचा अखेरचा काळ १७०८ मध्ये नांदेडला गेला. नामदेवांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या पंजाबातील घुमान येथे २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद मावळाला लागून असलेल्या देहूचे डॉ. सदानंद मोरे यांच्याकडे होते. तेव्हा मराठी माणसाने या परंपरेकडे ओढले जाणे यात अघटित असे काही नाही. अडचण श्रद्धेची नाही. ती श्रद्धा अंगावर दिसू लागल्यानंतर उद्भवते.

कष्ट हाच आचार

येथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. धर्माचरण वाढले म्हणजे संसारातून आणि नोकरीतून मन उडाले, असे आपल्याकडे सहज मानले जाते. शीख धर्माची धारणा याच्या अगदी उलट आहे. प्रामाणिक कष्टाने उपजीविका करणे, नामस्मरण करणे आणि मिळालेले वाटून खाणे ही या धर्माची तीन मूलभूत कर्तव्ये होत. यात कष्ट हे नामस्मरणाच्या आड येणारे ओझे नसून आचाराचाच एक भाग आहे. संन्यासाला येथे प्रतिष्ठा नाही. मळ्यातील कामातच विठ्ठल पाहणाऱ्या सावता माळ्यांची परंपरा ज्या महाराष्ट्राने जपली, त्याला हे समजावून सांगावे लागू नये. शिवाय पूजेसाठी पुरोहित लागत नाही. आठवड्यातील अमुक एका वारी काम बंद ठेवलेच पाहिजे, असाही दंडक नाही. कागदावर पाहिले, तर नोकरदार माणसाला याहून सोयीचा धर्म सापडणे कठीण.

मात्र जे थोडे सांगितले आहे, ते रोजचे आहे आणि त्यात सवलत नाही. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ मध्ये मान्य केलेल्या शीख रहित मर्यादेनुसार रात्रीच्या अखेरच्या प्रहरी उठून स्नान करावे, जपुजी, जाप आणि सवैये यांचा पाठ करावा, सायंकाळी रहिरास आणि झोपण्यापूर्वी सोहिला म्हणावा. पहाटेच्या पाठाला पाऊण तास ते तासभर लागतो. अमृत घेतलेल्याने केश, कंगवा, कडे, कच्छा आणि कृपाण ही पाच चिन्हे सदैव धारण करायची. केस कापणे, तंबाखू, विधिपूर्वक हलाल केलेले मांस आणि परस्त्री वा परपुरुषगमन या चार गोष्टी कटाक्षाने वर्ज्य. यातील तंबाखूची गोष्ट वरवर किरकोळ वाटेल. पण मावळात दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत तळहातावर चुना लावून तंबाखू मळणे आणि ती चिमटीने पुढे करणे हा ओळखीचा, मैत्रीचा, कधी कधी तर समेटाचाही विधी असतो. तो नाकारणारा माणूस काही काळ एकटा पडतो, हे कामगारवस्तीत वावरलेल्या कोणालाही पटेल. (पंजाबीत नित्यपाठाच्या छोट्या पोथीला ‘गुटका’ म्हणतात, हे येथे नमूद केलेले बरे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी असल्याने या शब्दाचा उच्चार फाटकावर जपूनच करावा!)

कायदा आचरण पाहतो, कार्यालय आडनाव पाहते

जन्माने शीख असलेल्या माणसाला पगडीबद्दल सहसा कोणी विचारत नाही, कारण त्याचे नाव, चेहरा आणि पगडी यांचे समीकरण लोकांच्या मनात आधीच जुळलेले असते. नव्याने धर्म स्वीकारणाऱ्या मराठी माणसाच्या वाट्याला हे गृहीतक येत नाही. ‘तुम्ही कधीपासून सरदारजी झालात?’ हा प्रश्न थट्टेच्या सुरात येतो. पण त्यामागे ‘तुमची सवलत खरी की सोयीची?’ ही शंका दडलेली असते.

गंमत अशी, की कायदा ही शंका घेत नाही. रहित मर्यादेत शिखाची व्याख्या जन्मावर आधारलेली नाही; एका अकाल पुरुषावर, दहा गुरूंवर, गुरू ग्रंथ साहिबावर आणि दशम गुरूंच्या अमृतावर श्रद्धा ठेवणारी आणि अन्य धर्म न मानणारी कोणतीही व्यक्ती शीख होय. धर्मांतरासाठी विशिष्ट विधीची सक्ती नाही, प्रामाणिक हेतू आणि तो निःसंदिग्धपणे दर्शविणारे आचरण पुरेसे आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये पेरुमल नाडर प्रकरणात, हिंदू धर्मात आलेल्या एका स्त्रीच्या संदर्भात मांडले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००९ मध्ये याची दुसरी बाजू स्पष्ट केली. अमृतसरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील शीख अल्पसंख्याक कोट्याच्या वादात न्यायालयाने केस न कापणे हे शीख धर्माचे मूलभूत अंग मानले आणि शीख कुटुंबात जन्मलेल्या, पण ते अंग न पाळणाऱ्या उमेदवाराला कोट्याचा लाभ नाकारला. जन्म पुरेसा नसेल, तर जन्माचा अभाव ही आडकाठीही ठरू शकत नाही, असा त्याचा तर्कसंगत अर्थ निघतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हेच सांगते. जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरून दुचाकीने कामावर जाणाऱ्या शिखाने पगडी बांधलेली असेल, तर त्याला हेल्मेटची सक्ती नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतरही ही सूट कायम आहे. दोन अटी आहेत – व्यक्ती शीख असावी आणि त्या वेळी पगडी डोक्यावर असावी. आडनावाची अट नाही. तरीही वडगाव फाट्यावर अडविलेल्या चालकाच्या परवान्यावर मावळी आडनाव असेल, तर पुढचा संवाद कसा होईल हे वाचकांनीच कल्पावे.

म्हणून नव्याने शीख झालेल्याच्या नोकरीतील पहिला प्रश्न पगडीचा नसतो, तो कागदांचा असतो. नावापुढे ‘सिंग’ किंवा ‘कौर’ जोडायचे, तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो. त्यानंतर आधार, पॅन, बँक, भविष्य निर्वाह निधी, शाळा सोडल्याचा दाखला आणि सरकारी नोकरी असेल तर सेवापुस्तिका. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात एक नाव आणि आधारवर दुसरे असेल, तर दावा अडकतो. धर्मभावनेच्या भरात आधी फेसबुकवर नाव बदलणारे अनेक असतात. शहाणपण याच्या उलट क्रमात आहे.

देहूरोडचा धडा

धर्म बदलताना उपजीविकेचा विचार करणे हे श्रद्धेच्या कमतरतेचे लक्षण आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मावळइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे तळेगाव दाभाडे येथे निवासस्थान होते आणि देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा जवळपास दोन वर्षांचा अवधी होता. परंतु त्याच्याही आधी, ऑक्टोबर १९३५ मधील येवल्याच्या घोषणेनंतर, बाबासाहेबांनी ज्या पर्यायाचा सर्वाधिक गांभीर्याने विचार केला, तो शीख धर्माचा होता. एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेला उपस्थित राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी तेरा अनुयायी शीख धर्माच्या अभ्यासासाठी अमृतसरला पाठविले. मुंबईत माटुंग्याला १९३७ मध्ये सुरू झालेले खालसा महाविद्यालय याच काळाचे अपत्य.

हा विचार पुढे मागे पडला. त्याची कारणे अनेक दिली जातात. पण चर्चेच्या केंद्रस्थानी एक व्यावहारिक मुद्दा होता. पुणे कराराने अस्पृश्यांना मिळालेले राजकीय हक्क धर्मांतरानंतरही राहतील काय? बाबासाहेबांसारख्या विचारवंताने हा प्रश्न गौण मानला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. समाजाच्या भाकरीचा आणि प्रतिनिधित्वाचा हिशेब मांडणे त्यांना श्रद्धेशी प्रतारणा वाटली नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले, पण वीस वर्षांनी आणि तुकड्या-तुकड्यांनी. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात हिंदूंखेरीज पंजाबातील केवळ काही शीख जातींचा समावेश होता. १९५६ मध्ये तो सर्व शिखांसाठी खुला झाला. बौद्धांना त्यासाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. आज अनुसूचित जातीतील व्यक्तीने शीख धर्म स्वीकारला, तर ती या यादीबाहेर जात नाही. ख्रिस्ती वा इस्लाम धर्म स्वीकारल्यास जाते. यातील न्याय-अन्यायाची चर्चा स्वतंत्रपणे करता येईल. येथे मुद्दा एवढाच, की मावळातील एखाद्या सरकारी कर्मचाऱ्याने दीक्षेपूर्वी जातप्रमाणपत्राची चौकशी केली, तर त्याला ढोंगी ठरविण्याची घाई कोणी करू नये.

शिरस्त्राण आणि मुखवटा

खरी ओढाताण यंत्राजवळ सुरू होते. रस्त्यावरील हेल्मेटची सूट कारखान्यातील सुरक्षा टोपीला आपोआप लागू होत नाही. ती केवळ मोटार वाहन कायद्यापुरती आहे. अन्य देशांनी हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने हाताळला. कॅनडात रेल्वेच्या टोरांटोतील यार्डात काम करणाऱ्या एका शीख विद्युत तंत्रज्ञाने सुरक्षा टोपी घालण्यास नकार दिला आणि नोकरी गमावली. १९८५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या बाजूने कौल दिला. ब्रिटनने उलट मार्ग धरला. १९८९ च्या कायद्याने बांधकामस्थळी पगडीधारी शिखांना टोपीतून सूट दिली आणि २०१५ मध्ये ती जवळजवळ सर्व कामाच्या ठिकाणी लागू केली. मात्र तेथील संसदेने एक खुबीचे कलम घातले: सूट घेणारा जखमी झाला, तर टोपी घातली असती तरी जेवढी इजा झाली असती, तेवढ्यापुरतीच मालकाची जबाबदारी. हक्क तुमचा, जोखीमही तुमची. आपल्याकडील युनियनना हे कलम पचेल, असे वाटत नाही. परंतु प्रश्न लेखी स्वरूपात सोडविला गेला, हे त्याचे मोल आहे. तळेगावच्या शेडमध्ये तो सोडविण्याची जबाबदारी त्या-त्या पाळीच्या सुपरवायझरवर येऊन पडली, तर निकाल त्याच्या स्वभावाप्रमाणे लागणार. कापडाच्या मोठ्या पगडीऐवजी घट्ट बसणारा छोटा पटका, क्रेनखालच्या कामाऐवजी तपासणी किंवा स्टोअरमधील बदली, असे मधले मार्ग आहेत. मात्र बदलीमुळे हातचा भत्ता किंवा बढतीची रांग जात असेल, तर ती सोय राहत नाही, शिक्षा होते.

दाढीचा प्रश्न टोपीहून अवघड आहे, कारण तेथे वाद मान-अपमानाचा नसून हवेच्या गळतीचा आहे. लोणावळ्यात १९४५ पासून असलेल्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या तळावर सागरी अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते आणि आण्विक, जैविक व रासायनिक हल्ल्यापासून बचावाचे तसेच जहाजावरील आग व पाणी शिरणे रोखण्याचे प्रशिक्षणही तेथेच होते. भारतीय सैन्यदलांत शीख जवानाला केस, दाढी आणि पगडी राखण्याची मुभा आहे. पण धुराने भरलेल्या कक्षात चेहऱ्यावर घट्ट न बसणारा मुखवटा कोणाचाही धर्म विचारत नाही. करोनाच्या काळात हाच प्रश्न रुग्णालयांत उभा राहिला. २०२० मध्ये ब्रिटनमधील शीख डॉक्टरांनी ‘सिंग ठाठा’ नावाची रीत पुढे आणली. दाढी बांधण्याच्या पारंपरिक पट्टीऐवजी रबरी पट्टा हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधायचा आणि त्यावर मुखवटा लावायचा. चाचणीत मुखवटा हवाबंद बसल्याचे दिसून आले. दाढी वाचली, फुप्फुसेही वाचली. दोहोंतील एक निवडा, असे सांगून मोकळे होणाऱ्या व्यवस्थापनांनी या उदाहरणाकडे अवश्य पाहावे.

कृपाणाचा तिढा तुलनेने सुटलेला आहे, निदान कागदावर. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणातच कृपाण धारण करणे हा शीख धर्माच्या पालनाचा भाग मानला आहे. देशांतर्गत विमानप्रवासात पाते सहा इंच आणि एकूण लांबी नऊ इंचांहून अधिक नसलेले कृपाण चालते. मार्च २०२२ मध्ये विमानतळावरील शीख कर्मचाऱ्यांना मात्र कामावर असताना कृपाणास मनाई करणारा आदेश निघाला आणि विरोधानंतर काही दिवसांतच तो दुरुस्त करण्यात आला. प्रवाशाला जे मान्य, ते कर्मचाऱ्याला अमान्य, ही विसंगती टिकणारी नव्हतीच. परंतु खासगी कारखान्याच्या फाटकावर अशी इंचांची पट्टी नसते. तेथे धातुशोधक यंत्र वाजते आणि कंत्राटी सुरक्षारक्षक वरिष्ठांना फोन लावतो. वरिष्ठ जागेवर नसले, तर पंचिंगची वेळ टळते.

पाऊस, रविवार आणि रात्रपाळी

एवढे सगळे कायदेशीर विवेचन केल्यानंतर सांगावेसे वाटते, की रोजच्या जगण्यात खरा संघर्ष वेळेशीच असतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये येथे रुमाल वाळत नाही, तेथे पाच-सहा मीटर लांबीची पगडी रोज धुऊन वाळविणे म्हणजे काय, हे स्थानिकांनाच कळेल. लांब केस ओले राहिले, तर बांधता येत नाहीत. बांधले, तर सर्दी सोडत नाही. पहाटेचे स्नान, तासाभराचा पाठ, केस सुकविणे, पगडी बांधणे आणि मग पुण्याकडची लोकल. पहिल्या पाळीला तळेगाव गाठायचे, तर झोपेतूनच वेळ काढावा लागतो. पाठ मुखोद्गत झाला, की काही भाग लोकलमध्ये म्हणता येतो आणि नोकरदार शीख जगभर हेच करतात. रात्रपाळीत तर अमृतवेळ यंत्रावरच उजाडते. ज्याची पाळी दर आठवड्याला फिरते, त्याच्या नित्यपाठाला स्थिर वेळ कधीच मिळत नाही.

शहरांतील गुरुद्वाऱ्यांत मोठा दिवाण आणि लंगर सामान्यतः रविवारी असतो, कारण कार्यालयांना रविवारी सुट्टी असते. लोणावळा-खंडाळ्याचे अर्थकारण नेमके उलटे चालते. शनिवार-रविवार हेच येथील हॉटेले, चिक्कीची दुकाने आणि टॅक्सीचालक यांच्या कमाईचे दिवस. हॉटेलच्या स्वागतकक्षात किंवा भटारखान्यात काम करणाऱ्याला रविवारची सुट्टी मागणे म्हणजे मालकाशी वैर घेण्यासारखे. मग देहूरोड, आकुर्डी किंवा पुण्याच्या लष्कर भागातील संगत गाठायची, ती आडवारी, जेव्हा तेथे माणसे थोडी असतात. नव्याने आलेल्याला आचार शिकायचा असतो तो माणसांकडून, पोथीतून नव्हे. संगत तुटली, की आचार एकाकी होतो आणि एकाकी आचार नोकरीच्या रेट्यापुढे लवकर वाकतो. पगडी आणि कृपाण यांवर जेवढी चर्चा होते, तिच्या शतांशानेही ही बाब कोणी बोलत नाही.

यावर शीख परंपरेतच एक मधली पायरी आहे. केस आणि पाच चिन्हे यांचे पूर्ण बंधन न घेता श्रद्धेने हळूहळू वाटचाल करणाऱ्याला सहजधारी म्हणतात. २०१६ च्या कायदादुरुस्तीने सहजधारींचा शिरोमणी समितीच्या निवडणुकीतील मताधिकार काढून घेतला. पण लोणावळ्यात बसलेल्या मराठी साधकाला त्याने काय फरक पडतो? प्रस्तुत प्रतिनिधीचे मत असे, की नोकरीच्या मध्यावर असलेल्याने या पायरीवर वर्ष-दोन वर्षे थांबण्यात कमीपणा मानू नये. आधी पहाटेचा पाठ पाळीच्या वेळापत्रकात बसतो का ते पाहावे, तंबाखू सुटते का ते पाहावे, राजपत्राचे काम उरकावे, आणि व्यवस्थापनाला पगडी दिसण्याआधी लेखी कळवावे. एकदा अमृत घेऊन मुलाखतीसाठी दाढी कापणे हे धर्मदृष्ट्या पतन आहे आणि ते मनाला जेवढे खाते, तेवढी दोन वर्षांची प्रतीक्षा खात नाही. विरुद्ध बाजूने असेही म्हणता येते, की थांबलेला माणूस बहुधा थांबतोच. तो धोका आहे.

रजेच्या बाबतीत मात्र एक अनपेक्षित सोय झालेली आहे. खालसा पंथाचा स्थापनादिन असलेली बैसाखी बहुधा १३ किंवा १४ एप्रिलला येते आणि अमृतसंस्कारासाठी हा दिवस विशेष मानला जातो. १४ एप्रिलला राज्यात आंबेडकर जयंतीची सुट्टी असते. त्या दिवशी सकाळपासून देहूरोडच्या धम्मभूमीकडे मावळातील माणसांची रीघ लागते. त्याच रस्त्याने कोणी गुरुद्वाऱ्याकडे वळायचे ठरविले, तर त्याला त्या वर्षी निदान अर्ज करावा लागणार नाही.